श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई

अहमदाबादच्या शांतिदास झवेरींच्या वंशात १८९४ साली जन्मलेल्या कस्तुरभाईंचे पितृछत्र १९१२ मध्ये हरपले. वयाच्या सतराव्या वर्षीच कॉलेज सोडून त्यांनी रायपूर मिलची धुरा उचलली. आरंभी स्वतः हिंडून कापूस-खरेदीची पारख मिळविली. पुढे ऐन मंदीत, १९३१ मध्ये, अरविंद मिल उभारली. १९४७ मध्ये परदेशी रंगांवरील भिस्त कमी करण्यासाठी वलसाडजवळ ‘अतुल’ची स्थापना केली.

याच व्यापारी दृष्टीने त्यांनी आणंदजी कल्याणजी पेढीचा कारभार सुमारे पन्नास वर्षे वाहिला. देलवाड्याच्या जीर्णोद्धारात अंबाजीच्या डोंगरातीलच संगमरवर हवा आणि नवी घडाई जुन्या कोरीवकामाशी मिळतीजुळती हवी, असा त्यांचा आग्रह होता. साहजिकच खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. घाऊक बाजारात अशी वाढ कोण सोसतो? परंतु हिशेबात अत्यंत काटेकोर असलेले कस्तुरभाई येथे कचरले नाहीत. आज वाचविलेल्या पैशाची भरपाई पुढील पिढ्यांना करावी लागेल, असा सौदा त्यांना मान्य नव्हता. राणकपूरचा जीर्णोद्धारही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. २० जानेवारी १९८० रोजी त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वीच पेढीची सूत्रे त्यांनी चिरंजीव श्रेणिकभाईंकडे सोपविली होती.