बेकारीतील कमाई

ज्या कामाला वेतन नाही ते काम अनुत्पादक, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे चरित्र तो खोटा ठरविते.

1896 साली मुंबईत जन्मलेल्या सालिम अलींना, बालपणी स्वतःच टिपलेल्या पिवळ्या कंठाच्या एका चिमणीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी नेले. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून ते 1930 मध्ये परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! पत्नी तहमीना यांच्यासह त्यांनी अलिबागजवळ किहीम येथे बिऱ्हाड थाटले. समोर अरबी समुद्र आणि अलीकडे कनकेश्वराचा डोंगर, असा तो मुलूख.

पावसाळा लागला आणि घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली. दिवसचे दिवस आडोशाला बसून त्यांनी नोंदी केल्या. मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले असले, तरी घरटे विणतो तो नर. अर्धवट घरटे मादीने पारखून पसंत केले, की तो ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे विणू लागतो. ही उकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव झाले.

पुढे केवळ मोहिमेचा खर्च घेऊन, मानधनावाचून, त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. 1933 साली त्रावणकोर-कोचीनमध्ये ते किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत हिंडले. त्या पाहणीत त्यांनी हेरलेले तट्टेकाड 1983 साली अभयारण्य झाले; त्याला आज त्यांचेच नाव आहे. 20 जून 1987 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने अभयारण्ये उभी राहिली. त्यांची पद्धत मात्र आपण स्वीकारली काय? अनेक प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल पावसाळा वगळून एकाच ऋतूच्या नोंदींवर करण्याची मुभा आजही आहे. या रीतीने किहीमची पाहणी झाली असती, तर झाडावर वाळकी, रिकामी घरटी तेवढी दिसली असती. सह्याद्री आणि किनारा यांचे मोल ठरवावयाचे, तर सर्व ऋतूंचा जमाखर्च मांडावा लागेल. त्यासाठी लागणारा वेळ हा अपव्यय नव्हे. ते भांडवल होय.