विश्लेषण : ‘वर्डल’च्या १४० वर्षे आधी इंग्रजी शब्दांची कोडी घालणारे लुईस कॅरल कोण होते?

चंद्रपूर जिल्ह्यातील मूल हे तालुक्याचे गाव इंग्रजीत एम-यू-एल असे लिहिले जाते. ही तीन अक्षरे याच क्रमाने आणि सलग येतील असा पाच अक्षरी इंग्रजी शब्द कोणता? विशेषनाम चालणार नाही.

मोबाइलवर ‘वर्डल’ किंवा तसला एखादा शब्दखेळ खेळणाऱ्यांना अशा कोड्यांची सवय असते. इतकी अक्षरे, त्यात ही ही अक्षरे हवीत, शोधा. हा खेळ इंटरनेटच्या जमान्यातला वाटतो. प्रत्यक्षात नेमके हेच कोडे नियमांसह १८८१ साली इंग्लंडमध्ये छापून आले होते. ते रचणारे गृहस्थ ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत. जग त्यांना ‘अॅलिस इन वंडरलँड’चे लेखक लुईस कॅरल म्हणून ओळखते.

नावच एक कोडे

त्यांचे खरे नाव चार्ल्स लुटविज डॉजसन. जन्म २७ जानेवारी १८३२, इंग्लंडच्या चेशर परगण्यातील डेअर्सबरी गावचा. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. अकरा भावंडांत चार्ल्स तिसरे आणि मुलांमध्ये थोरले. एवढ्या मोठ्या घरात भावंडांची करमणूक करायची जबाबदारी थोरल्यावर येते, तशी ती यांच्यावर आली. घरातल्या घरात ते हस्तलिखित मासिके काढत. त्यांतल्या शेवटच्या मासिकाचे नाव होते ‘मिशमॅश’. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रग्बीच्या निवासी शाळेतली वर्षे त्यांना अजिबात मानवली नाहीत. बोलताना ते अडखळत, आणि ती अडचण जन्मभर राहिली. १८५१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात दाखल झाले. १८५५ पासून तिथेच गणिताचे व्याख्याते झाले आणि १८८१ पर्यंत शिकवत राहिले. शिकवणे सोडल्यावरही मुक्काम तिथेच. १८६१ मध्ये त्यांनी डीकन म्हणून धर्मदीक्षा घेतली, पण पुढची पायरी चढून पूर्ण धर्मगुरू कधी झाले नाहीत. लग्न केले नाही.

१८५६ मध्ये एका संपादकाने त्यांना टोपणनाव सुचवायला सांगितले. त्यांनी चार नावे पाठवली. त्यांपैकी ‘एडगर कथवेलिस’ आणि ‘एडगर यू. सी. वेस्टहिल’ ही दोन नावे म्हणजे ‘चार्ल्स लुटविज’मधली पंधरा इंग्रजी अक्षरे उलटसुलट मांडून तयार केलेले शब्द. एकही अक्षर जास्त नाही, एकही कमी नाही. उरलेल्यांपैकी ‘लुईस कॅरल’ हे चार्ल्स लुटविजचे लॅटिन रूप उलटे फिरवून आणि पुन्हा इंग्रजीत आणून बनवलेले. संपादकाने तेच निवडले.

४ जुलै १८६२ रोजी होडीतून फिरताना त्यांनी अॅलिस लिडेल आणि तिच्या बहिणींना एक गोष्ट सांगितली. १८६५ मध्ये तिचे पुस्तक झाले. मराठीत ही अॅलिस देवदत्त नारायण टिळकांच्या ‘जाईची नवलकहाणी’तून ‘जाई’ होऊन आली. कॅरल यांनी लहान मुलांची छायाचित्रेही बरीच काढली. या मैत्रीकडे कसे पाहायचे यावर आजही अभ्यासकांत वाद आहेत, आणि त्यांच्या रोजनिशीच्या १३ वह्यांपैकी ४ सापडत नाहीत, त्यामुळे तो वाद मिटायची चिन्हेही नाहीत.

गव्हाचा ब्रेड करा!

१८७७ च्या नाताळात दोन मुलींनी करायला काही नाही अशी कुरकुर केली, म्हणून कॅरल यांनी एक खेळ शोधून काढला. सारख्या लांबीचे दोन शब्द द्यायचे. एका वेळी एकच अक्षर बदलत पहिल्यावरून दुसऱ्यावर पोहोचायचे. मधला प्रत्येक टप्पा खरा शब्दच हवा. २९ मार्च १८७९ पासून ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकात ‘डब्लेट्स’ नावाने त्याची स्पर्धा सुरू झाली.

पहिल्याच आठवड्यातले एक कोडे होते, व्हीटचे ब्रेड करा. दोन्ही पाच अक्षरी. त्याचे हे एक उत्तर : व्हीट, चीट, चीप, चीप, क्रीप, क्रीड, ब्रीड, ब्रेड. ‘चीप’ दोनदा आला ही छपाईची चूक नव्हे. पहिला म्हणजे स्वस्त, त्यात ‘ई-ए’ आहे. दुसरा म्हणजे पिल्लाची चिवचिव, त्यात ‘ई-ई’. कानाला एकच, स्पेलिंग वेगळे. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाला छळणारी हीच गोष्ट इथे पायरी म्हणून कामाला येते.

धानाच्या पट्ट्यासाठी असेच एक कोडे करता येईल. ‘मूल’ विशेषनाम म्हणून बाद. पण त्याच्या स्पेलिंगला शेवटी ‘ई’ जोडला की म्यूल म्हणजे खेचर होते. त्याचे राइस करा. यू काढून आय ठेवला की माइल. एल काढून सी ठेवला की माइस. एमच्या जागी आर आला की राइस. तीन पावलांत भात तयार.

कोणता शब्द ‘चालतो’?

खेळ गाजला आणि भांडण सुरू झाले. शब्दकोशाच्या कोपऱ्यात पडलेले, कोणी कधी न ऐकलेले शब्द लोक टप्पा म्हणून पुढे करू लागले. शब्दकोशात आहे म्हणून मान्य करायचा का? कॅरल यांचे उत्तर नाही असे होते. चारचौघांत वापरला जाणारा, सर्वांना ठाऊक असलेलाच शब्द धरायचा. ‘डब्लेट्स’च्या पुस्तिकेत त्यांनी मान्य शब्दांची यादीच जोडली.

या गणितज्ञाचा खरा मोठेपणा या नियमात आहे. खेळ अवघड करणे सोपे असते, त्याला जाडा शब्दकोश पुरतो. खेळ सर्वांना सारखा ठेवणे कठीण. अर्थात त्यांचे ‘सर्व’ म्हणजे त्या काळचा शिकलेला इंग्रज समाज होता.

‘मिशमॅश’ नावाच्या खेळातही त्यांनी हीच अट ठेवली. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळाला त्यांनी जुन्या घरगुती मासिकाचे नाव दिले होते. एकाने दोन किंवा अधिक अक्षरांचा सलग तुकडा द्यायचा, दुसऱ्याने तो तुकडा पोटात असलेला शब्द शोधायचा. ‘जी-पी’ दिले तर मॅगपाय. ‘ई-एम-ओ’ दिले तर लेमन. विशेषनाम नाही, अनोळखी शब्द नाही.

आता सुरुवातीचे कोडे. एम-यू-एल हा तुकडा फॉर्म्युलामध्ये आहे, मल्टिप्लायमध्ये आहे, स्टिम्युलसमध्ये आहे, पण हे शब्द लांब पडतात. पाच अक्षरी हवा तर ‘मल्च’, म्हणजे ओल टिकावी म्हणून जमिनीवर अंथरलेले आच्छादन. लंडनच्या दिवाणखान्यात तो किती जणांना सुचला असता कुणास ठाऊक, पण मिरचीच्या शेतात मल्चिंग पेपर अंथरणाऱ्याला तो रोजचा आहे. ओळखीचा शब्द कोणाच्या ओळखीचा, हा प्रश्न कॅरल यांच्या यादीने सुटत नाही तो इथे.

तीच अट पुन्हा, २०२१ मध्ये

डिसेंबर १८८० मध्ये कॅरल यांनी रोजनिशीत आणखी एक कल्पना नोंदवली होती. बुद्धिबळाच्या पटावर अक्षरे सरकवत शब्द तयार करायचे. ‘स्क्रॅबल’ बाजारात यायला तेव्हा अर्धशतकाहून अधिक काळ होता.

‘वर्डल’ची गोष्ट तर थेट त्यांच्या नियमाची आठवण करून देणारी आहे. जोश वॉर्डल यांनी हा खेळ सहचारिणी पलक शहा यांच्यासाठी बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२ हजार निघाले. ते तसेच ठेवले असते तर खेळणारे वैतागले असते. पलक यांनी ती यादी चाळून ओळखीचे शब्द वेगळे काढले आणि उत्तरांसाठी सुमारे अडीच हजार उरले. जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खेळ विकत घेतला.

संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना ‘डब्लेट्स’ दुसऱ्या नावाने भेटतो. प्रत्येक शब्द एक बिंदू, एका अक्षराचा फरक असलेल्या दोन शब्दांमध्ये एक रेष. मग कोडे सोडवणे म्हणजे दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधणे. डोनाल्ड क्नुथ यांनी ५,७५७ पाच अक्षरी इंग्रजी शब्दांचे असे जाळे तयार केले. त्यात ६७१ शब्दांना एकही शेजारी मिळाला नाही. त्यांतला एक शब्द ‘अलूफ’, अर्थ अलिप्त! जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनीही १९७० मध्ये प्रथिनांची उत्क्रांती समजावताना याच खेळाचा दाखला दिला.

मराठीत हे का जमत नाही?

जमते, पण मोजायचे काय ते आधी ठरवावे लागते. ‘मूल’ दोन अक्षरी, की म, दीर्घ ऊकार आणि ल असे तीन घटक? ‘मूल’चे ‘फूल’ एका बदलात होते. पण ‘फूल’चे ‘फळ’ करताना ऊकार जातो आणि लचा ळ होतो, हे एक पाऊल की दोन? जोडाक्षर आले की गोंधळ वाढतो. त्यामुळे आपल्याकडे अक्षरांच्या संख्येपेक्षा शेवटच्या अक्षरावर चालणाऱ्या भेंड्या रुजल्या.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे पंचविशीच्या आतल्या बहुतेकांनी स्पेलिंगची घोकंपट्टी सहाव्या वर्षीच सुरू केली. कॅरल यांच्या खेळाला घोकंपट्टी नव्हे, कागद-पेन्सिल आणि समोर बसलेला एक गडी लागतो. डेटा पॅकही नको.

त्यांना स्वतःला कागद इतका लागे, की १८६१ पासून आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही त्यांनी ठेवली होती. शेवटच्या नोंदीचा क्रमांक ९८,७२१. रात्री सुचलेले दिवा न लावता टिपता यावे म्हणून १८९१ मध्ये त्यांनी चौकोनी खाचांची एक पट्टी आणि तिच्यासाठी वेगळी अक्षरेही तयार केली. १४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्ड येथे बहिणींच्या घरी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. सहासष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.