माईसाहेबांची शुश्रूषा आणि आमचा संशय

२७ मे रोजी माता रमाईंच्या स्मृतीला आपण अभिवादन करतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, तालुका कोणताही असो, विहारात मेणबत्ती लागते, महिला मंडळाच्या भगिनी चार शब्द बोलतात, आणि ते व्हायलाच हवे. पण अवघ्या दोन दिवसांनी येणारी २९ मे ही तारीख बहुतेक ठिकाणी न बोलता निघून जाते. २००३ साली याच दिवशी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. सविता आंबेडकर, म्हणजे माईसाहेब, यांचे निधन झाले. त्यांचे नाव निघाले की चळवळीतला जुना माणूस आजही मान दुसरीकडे वळवतो. या वळवलेल्या मानेबद्दल आम्हाला आज लिहायचे आहे.

माईसाहेबांचे माहेरचे नाव शारदा कबीर. जन्म २७ जानेवारी १९०९ चा, सारस्वत ब्राह्मण कुटुंबातला. १९३७ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या एम.बी.बी.एस. झाल्या. पुढे मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर यांच्या दवाखान्यात त्या काम करू लागल्या. परमपूज्य बाबासाहेबांची आणि त्यांची ओळख १९४७ साली विलेपार्ल्याला डॉ. राव यांच्या घरी झाली. त्या वेळी बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होत होते, घटनेच्या मसुद्याचे ओझे त्यांच्या शिरावर येत होते, आणि शरीर मात्र साथ सोडू लागले होते.

बाबासाहेबांना मधुमेह होता, संधिवात होता, रक्तदाबाचा त्रास होता. पण रात्र खाऊन टाकणारे दुखणे पायांच्या नसांचे होते. वर्षानुवर्षे वाढलेली साखर नसा पोखरते. मग पायात मुंग्या येतात, आग होते, कळा उठतात, आणि हे सगळे दिवसापेक्षा रात्री जास्त. आज त्यावर निदान चार प्रकारच्या गोळ्या आहेत, त्या काळी फारसे काहीच नव्हते. झोपेविना काढलेल्या अशा रात्रींच्या दुसऱ्या दिवशी हा महामानव राज्यघटनेची कलमे तपासायला बसत होता. संविधान दिनाच्या भाषणांतून या रात्रींचा उल्लेख आम्ही क्वचितच ऐकला आहे.

घरात सतत लक्ष देणारे माणूस पाहिजे असे डॉक्टरांचे मत पडले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीच्या निवासस्थानी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. बाबासाहेब सत्तावन्न वर्षांचे, माईसाहेब एकोणचाळीस वर्षांच्या. शारदाच्या सविता झाल्या. एका डॉक्टर बाईने चालता व्यवसाय सोडून एकाच रुग्णाची जबाबदारी घेतली, आणि हा रुग्ण बरा होणारा नाही हे वैद्यकशास्त्र शिकलेल्या त्या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

इन्सुलिनवरच्या माणसाला सांभाळणे त्या काळी काय होते, हे आजच्या तरुणांना सांगावे लागते. काचेची सिरिंज उकळायची, मात्रा मोजायची, सुई टोचायची, आणि मग ठरल्या वेळेला ताट पुढे ठेवायचे. जेवण लांबले तर साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. पुस्तकात डोके घातले की बाबासाहेबांना जेवणाचे भान राहत नसे, हे तर सर्वश्रुत आहे. म्हणजे पथ्य रुग्णाचे, पण घड्याळाकडे डोळे बायकोचे. हे काम तिने साडेआठ वर्षांहून अधिक काळ केले. या काळात घटना मंजूर झाली, हिंदू कोड बिलावरून राजीनामा झाला, १९५१ साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची पायाभरणी झाली. आमच्या हिंगोली भागातली किती पोरे पुढे त्याच मिलिंदमध्ये शिकून माणसांत आली! १९५४ साली दुखण्याने बाबासाहेबांना अंथरुणावर खिळवले, नजर अधू झाली, तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले, परत आल्यावर देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली.

आता तक्रारीचा मुद्दा. माईसाहेब कार्यकर्त्यांना भेटू देत नाहीत, दारातून परत पाठवतात, ही तक्रार तेव्हा सर्रास होती आणि ती सगळीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. गावाकडून दोन दिवसांचा प्रवास करून दिल्ली गाठलेल्या माणसाला बापाचे दर्शन झाले नाही तर त्याच्या जिवाला लागणारच. बोलण्याची ढब कडक असेल, तीही काहींना झोंबली असेल. पण रात्रभर कळा सोसून पहाटे डोळा लागलेल्या माणसाचे दार कोणी तरी बंद ठेवायलाच हवे की नाही? आमच्या वस्तीतही हेच चालते. नवरा अंथरुणाला खिळला, बाईने भेटायला येणाऱ्यांना ओसरीवरूनच चहा देऊन परत पाठवले, की भावकी म्हणते, हिने माणूस कोंडून ठेवला. आणि तो गेला की हीच भावकी विचारते, हिने काय खाऊ घातले?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली तेव्हा माईसाहेबांनीही शेजारी उभे राहून ती घेतली. नोव्हेंबरात काठमांडू, सारनाथ, कुशीनगर हा प्रवास झाला. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. लगेच विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली आणि बोट डॉक्टर पत्नीकडे वळले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. तिची जात कुजबुजीला खतपाणी घालत राहिली. जन्मावरून माणूस ठरवू नये हे शिकवणाऱ्या महापुरुषाच्या अनुयायांनी हे केले, याची खंत वाटते.

बाबासाहेबांनी स्वतः साक्ष ठेवली होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या प्रकृतीचे चढउतार नमूद केले, आणि डॉक्टरांनी आशा सोडलेल्या अवस्थेतून आपण परतलो त्याचे श्रेय पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांसमोर यायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. तोवर माईसाहेब दिल्लीजवळ मेहरौलीला एकाकी राहिल्या. पुढे पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा चळवळीत आणले. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचे भारतरत्न राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांनीच स्वीकारले.

हे सगळे हिंगोलीत बसून लिहावेसे वाटते त्याला कारण आहे. कर्करोग मणक्यात उतरलेला नवरा घरात, आणि रोजाने जाणारी बायको त्याची एकटी परिचारिका, अशी घरे आपल्या वस्त्यांत आहेत. या पाठदुखीत माणसाला एसटीच्या बाकावर बसवत नाही. नांदेड किंवा संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत तो कसा जाणार? अशा वेदनेवरचे खरे औषध मॉर्फिन. त्याची गोळी महाग नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची कटकटही कमी झाली. तरीही बहुतेक औषध दुकानांत ती मिळत नाही, आणि व्यसन लागेल या भीतीने घरचेच नको म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसन क्वचितच लागते. दुखले की मग गोळी, असे नव्हे, तर इन्सुलिनसारखीच घड्याळ पाहून ती द्यावी लागते, आणि बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषधही. दर दोन तासांनी कूस बदलावी. पायातली ताकद एकाएकी गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण मणक्यातली मज्जा दबत असते आणि उशीर झाला तर पाय कायमचे जातात.

हिंगोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे वेदनाशमनाचा वेगळा कक्ष आणि मॉर्फिनचा नियमित साठा हवा, ही मागणी आपल्या संघटनांनी लेखी द्यावी. रस्त्याच्या आणि पुतळ्याच्या निवेदनांबरोबर हेही एक निवेदन जाऊ द्या. आणि येत्या २९ मे रोजी ते जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायला जाताना, रुग्णाजवळ बसलेल्या बाईला दोन तास झोपता यावे म्हणून महिला मंडळातली एक भगिनी त्या घरी बसवा.