नगरच्या ॲनाबाई

सयामच्या राजवाड्यात १८६२ ते १८६७ या काळात राजपुत्रांना शिकविणाऱ्या ॲना लिओनोवेन्स आपला जन्म विलायतेतील वेल्सचा व वडील कॅप्टन, असे सांगत. बाई १९१५ साली कॅनडात वारल्या. पुढे साठेक वर्षांनी ब्रिस्टो नावाच्या शास्त्रज्ञाने जुनी दप्तरे धुंडाळली, तेव्हा जन्म निघाला १८३१ चा, तोही अहमदनगरचा! वडील कंपनीच्या पलटणीतले साधे सार्जंट, लेकीच्या जन्माआधीच वारलेले. आजी बहुधा हिंदी. गोऱ्यांच्या समाजात अशा रक्ताला मान नव्हता, आणि विधवा ॲनाबाईंना दोन लेकरे वाढवायची होती. पांडेसऱ्यात आपल्या गावाचे नाव चोरणारी माणसे आम्ही पाहतो. म्हणून बाईंवर दगड उचलवत नाही. सख्ख्या बहिणीशी, एलायझाशी, त्यांनी संबंध तोडले, हे मात्र आम्हास रुचत नाही.