आगगाडीत भेटलेला सोबती

आपल्या गावी जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, ते मंडळाच्या पुष्कळ भगिनींना आठवत असेल. त्या संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू होते. पाद्री माणसाला हा मान कसा, असे तेव्हा काहींनी म्हटले. तेरच्या गोरोबाकाकांच्या या जिल्ह्यात तसा प्रश्न पडावा याचे मला नवल वाटले. कारण मराठी भाषेची सेवा करणारे ख्रिस्ती लोक काही आजचे नाहीत. त्यांतील फार मोठे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेली, तरी पिलांसाठी चारा घेऊन घरट्याकडे परतणारी पक्षिणी आपण शाळेत वाचली आणि डोळे पुसले, ती कविता यांचीच. फुलामुलांचे कवी म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांच्या आयुष्याची दिशा एका आगगाडीच्या डब्यात बदलली. ती हकीकत माझ्या साध्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. गोड मानून घ्यावा.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचा स्वभाव कडक. आई जानकीबाई प्रेमळ आणि कवितेची आवड असलेली. तीच आवड मुलाच्या अंगी उतरली. पण आई लवकर गेली, आणि आई गेली की घर राहात नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पुढे मुलगा नाशिकला गेला. तेथे शास्त्र्यांपाशी राहून त्याने संस्कृत शिकून घेतले.

तरुणपणी टिळकांचा पाय एका जागी कधी ठरला नाही. कधी शिक्षकाची नोकरी करावी, कधी कीर्तन, कधी व्याख्यान. आज या गावी तर उद्या दुसऱ्या गावी. पैसा हाती आला की दुसऱ्याच्या गरजेला निघून जायचा. मन आले की घरात न सांगता बाहेर पडायचे. देशाचे कसे होईल, आपल्या समाजातील भेद कसे मिटतील आणि खरा देव कोठे भेटेल, हे तीन प्रश्न त्यांच्या मागे लागले होते.

त्यांचे लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झाले. माहेरचे नाव मनकर्णिका, सगळे मनू म्हणत. लग्नात तिचे वय अकराच्या आसपास होते. सासरी नाव लक्ष्मी ठेवले. माहेरचे सोवळे असे, की वडील बाजारचे मीठसुद्धा धुवून घ्यायला लावीत. मुलीला अक्षरओळख नव्हती. लिहायवाचायला ती शिकली ती लग्नानंतर. अशी सोवळ्यात वाढलेली बायको आणि असा वाऱ्यासारखा नवरा. भांडणे होत, समेट होई, पुन्हा भांडणे होत. पण दोघांचा एकमेकांवर जीव होता हेही तितकेच खरे.

नागपुरास असताना एका धनिकांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. पुढे १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. हे गाव आजच्या छत्तीसगड राज्यात आहे. बरोबर कोणी नव्हते. इंटर वर्गाच्या डब्यात एक गोरे गृहस्थ बसलेले होते. तो काळ इंग्रजी अंमलाचा. गोरा माणूस डब्यात असला म्हणजे आपल्या माणसाने अंग चोरून बसावे, अशी रीत. टिळकांनाही वाटले असेल की हा आता आपल्याला दुसरीकडे जायला सांगणार. तसे काही झाले नाही. त्या गृहस्थांनी आदराने जागा दिली, गोड बोलून विचारपूस केली, आणि गोष्टी निघता निघता संस्कृत काव्यावर आल्या. मग बोलणे धर्माकडे वळले. ख्रिस्ताविषयी आपले मत काय, असे त्यांनी टिळकांना विचारले. शेवटी नव्या कराराचे एक पुस्तक त्यांच्या हाती ठेवले आणि सांगितले की, हे मनापासून वाचाल तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे बोलणे त्या वेळी पटले नाही. तरी पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला. दोघे आपापल्या वाटेने गेले. त्या गृहस्थांचे नाव टिळकांनी विचारले नाही.

मला या गोष्टीतले हेच फार मोलाचे वाटते. घरात माणूस कोणाचा तरी मुलगा, नवरा, जातभाई असतो. त्याने काय बोलावे, काय वाचावे, हे ठरलेले असते. एकटा प्रवासाला निघाला की तो नुसता माणूस उरतो. शेजारी बसलेलाही नुसता माणूस. त्या दोन माणसांत गाडी चालेपर्यंत जे बोलणे झाले, ते घरच्या ओसरीवर कधी झाले नसते.

दिलेला शब्द टिळकांनी पाळला. पुस्तक वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले. शत्रूवरही प्रीती करावी, गुप्तपणे दान द्यावे, दुसऱ्याला दोष लावण्याआधी आपल्या डोळ्यातले पाहावे, अशी ती शिकवण आहे. तेथे त्यांचे मन थांबले. मनात वर्षानुवर्षे साठलेल्या प्रश्नांना तेथे उत्तर मिळाले असे त्यांना वाटले. पुढे वाचन, विचार, पत्रव्यवहार, प्रार्थना हे सर्व चालले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या गृहस्थांनी सांगितलेली दोन वर्षांची मुदत जवळजवळ तंतोतंत भरली.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण आपण बायकांनी ती विसरून चालणार नाही. ही बातमी लक्ष्मीबाईंना मागाहून कळली. कडेवर लहान दत्तू, नवरा जिवंत असून जवळ नाही, लोक नावे ठेवणारे, आणि सोवळ्यात वाढलेल्या जिवाला धर्म बुडाल्याचे दुःख. त्या काळी धर्म सोडलेला माणूस घरच्यांना मेल्यासारखा होता. त्यांनी नातलगांच्या आधाराने दिवस काढले. त्यांतला काही काळ तर आपल्या जवळच्या पंढरपुरास, बहिणीच्या घरी गेला. रडत रडत त्या कविता करू लागल्या. टिळकांना सत्य सापडले हे मी मानते. पण बरोबर सात पावले चाललेल्या बाईला आधी विश्वासात घेतले असते तर त्या सत्याला काही कमीपणा आला नसता, असे मला वाटते. हे लिहिताना टिळकांविषयीचा माझा आदर तिळभरही कमी होत नाही.

तो कमी होत नाही, कारण पुढे ते जसे वागले तसे वागणारा पुरुष आजही क्वचित दिसेल. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. पत्रे पाठवीत राहिले, वाट पाहात राहिले. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या तेव्हा त्यांच्या सोवळ्याला धक्का लावला नाही. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्याने आपला धर्म बायकोवर लादला नाही. मग राहुरीस असताना पाण्याच्या अडचणीतून लक्ष्मीबाई आपल्या आपण विचार करू लागल्या. जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांत देवाने जाती केल्या त्या दिसतात, माणसामाणसांत तशी खूण कोठे दिसते? मनाने कौल दिला की हा भेद माणसाचा आहे. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांना देव प्रवासात भेटला, लक्ष्मीबाईंना पाण्याच्या घागरीपाशी. दोघांना भेटला तो एकेकटे असताना, आणि कोणी जबरदस्ती न करता.

त्यानंतर त्यांचे घर सगळ्यांचे झाले. दुष्काळात अनाथ झालेली मुले टिळक घरी आणीत आणि लक्ष्मीबाई त्यांच्या आई होत. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. टिळक धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले. बालकवी ठोमरे हा खानदेशातला कोवळा कवी त्यांच्याच घरी राहिला आणि वाढला.

टिळकांनी ख्रिस्ताला परदेशी वेषात ठेवले नाही. अभंग, भजने, ओव्या, टाळमृदंग या आपल्या रीतीने त्यांनी भक्ती केली. तुकारामबुवांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो, असे ते उघड सांगत. ज्याने वाट दाखवली त्याचे ऋण त्यांनी नाकारले नाही. धर्म बदलला तरी तुकोबांविषयी आणि ज्ञानोबांविषयी कृतज्ञता तशीच राहिली. माणूस मोठा झाला की पायरी विसरतो, हे विसरले नाहीत.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहून देवाचा दरबार नावाची मंडळी सुरू केली. तेथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखेच स्वागत होते. मला वाटते, आगगाडीतल्या त्या गृहस्थांनी टिळकांना जे दिले ते फुकट दिले. त्यांचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, मग ऋण फेडायचे कोणाला? ते पुढे भेटेल त्या माणसाला फेडायचे. टिळकांचे सारे उत्तरायुष्य अशी परतफेड होती.

९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, ते अपुरे राहिले. ख्रिस्तायनाचे पुढचे अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या बाईने. त्यांच्या स्मृतिचित्रांचा पहिला भाग १९३४ साली निघाला. संसारातले हसू आणि आसू त्यात इतक्या खरेपणाने आले आहे की आपल्या शेजारचीच कोणी बाई बोलते आहे असे वाटते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या.

भगिनींनो, एस.टी.त किंवा गाडीत आपल्या शेजारी कोण येऊन बसेल ते आपल्या हाती नसते. त्याची जात, धर्म न विचारता थोडे सरकून जागा द्यावी, दोन शब्द गोड बोलावे, एवढे मात्र आपल्या हाती असते. त्या डब्यात तेवढेच घडले होते, आणि त्यातून महाराष्ट्राला एक संतकवी मिळाला, आणि त्याच्या मागोमाग एक मोठी लेखिकाही. त्या दोघांना, आणि त्या बिननावाच्या सोबत्यालाही, माझा नम्र नमस्कार.