पांझरेकाठचा पहिला धडा

जळगाव-धुळ्याकडची पुष्कळ मुले आज आखातातल्या बांधकामांवर आहेत. सुट्टीवर आली की त्यांची तक्रार ठरलेली असते. सिमेंट-सळईचा हिशेब जमतो, माणसांचा जमत नाही. मालक एका देशाचा, सल्लागार दुसऱ्या, ठेकेदार तिसऱ्या आणि मजूर आणखी चार देशांचे. एकाचा होकार म्हणजे पक्का शब्द, तर दुसऱ्याचा होकार म्हणजे नुसते ऐकून घेतले एवढेच. हे ऐकताना मला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची आठवण होते. परक्या माणसांत राहून बांधकाम उभे करण्याची विद्या त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली आणि तिची धुळाक्षरे त्यांनी आपल्या खानदेशात गिरवली.

त्यांचा जन्म मैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. घरची भाषा तेलुगू, गावाची कानडी. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी शिक्षण पुरे केले आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. 1883 साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि जेम्स बर्कली पारितोषिकाचे मानकरी ठरले. बर्कली म्हणजे भोर आणि थळ घाट फोडून मुंबईची रेल्वे देशावर आणि खानदेशात नेणाऱ्या योजनेचा मुख्य अभियंता. इंग्रज ठेकेदार आणि नाना जातींचे, नाना बोलींचे हजारो मजूर यांच्या हातून ते काम झाले होते.

1884 साली विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. आधी नाशिक आणि लगेच खानदेश. तेव्हा जळगाव आणि धुळे मिळून एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी व्हायची होती ती 1906 साली. जिल्ह्याचे ठाणे धुळे, पण तिथे अजून आगगाडीही आली नव्हती.

आता साक्री तालुक्यात असलेल्या दातर्ती या गावाजवळ पाटाचे पाणी नळाने ओलांडून न्यायचे काम त्यांच्याकडे आले. याला सायफन म्हणतात. काम सुरू झाले आणि पावसाळा आला. पुराने खोदाई वाळूने भरू लागली. तरुण अभियंत्याने वरिष्ठ साहेबाला लिहिले, की पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावे. उत्तर कडक आले. नव्या माणसाने शिस्त पाळावी, आज्ञा मानावी, असा त्याचा रोख होता. एकीकडे इंग्रजी खात्याची आज्ञापालनाची रीत, दुसरीकडे डोळ्यांसमोरची नदी. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढवला नाही, राजीनामाही दिला नाही. पडेल ते कष्ट घेऊन त्यांनी काम पुरे करून दाखवले. साहेबाचे मत बदलले ते त्या कामामुळे.

मी बँकेत नोकरी केली. विहिरीच्या आणि पाइपलाइनच्या कर्जांची प्रकरणे हाताळताना एक गोष्ट ध्यानात आली. नकाशा बिनचूक असतो, अंदाजपत्रक चोख असते, पण शेजाऱ्याच्या बांधावरून नळ न्यायला त्याची संमती नसते आणि सगळे तिथेच अडते. पांझरेकाठच्या लोकांना हे शेकडो वर्षांपासून ठाऊक होते. तिथली फड पद्धत प्रसिद्धच आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दर साली पिकाची पाळी बदलायची, पाणी पाटकऱ्याने द्यायचे आणि राखण जागल्याने करायची. पाणी थोडे, धनी पुष्कळ. तरी पाट चालत राहिला, कारण नियम सर्वांनी मिळून केला होता.

पुढे नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ओलिताची जमीन गट पाडून एकत्र घ्यायची, उसाला तिसरा हिस्सा आणि बाकीच्यात इतर पिके, पाळीपाळीने. फडाशी तिचे साम्य मला जाणवल्यावाचून राहत नाही. ऊस लावणाऱ्या बागायतदारांनी आधी विरोध केला. पाणी आपल्या मर्जीने मिळायची त्यांना सवय होती. हुकूम काढून भागणार नव्हते. लोकांशी बोलून, समजावून ती योजना चालीला लागली.

त्यांच्या कामांचा मुलूख वाढत गेला. सिंधमध्ये सक्करला 1895 पर्यंत त्यांनी पाणीपुरवठा उभा केला. गाळण्यासाठी स्वतंत्र टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता, म्हणून नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूकडूनच पाणी गाळून घेतले. 1906 साली एडनला पाठवणी झाली. इंग्रज फौज, अरब, सोमाली, यहुदी आणि हिंदी व्यापारी अशी ती मिश्र वस्ती. पाण्यासाठी त्यांनी बोट दाखवले ते लाहेजकडे, म्हणजे सुलतानाच्या मुलखाकडे. 1908 च्या मुसी नदीच्या प्रलयानंतर निजामाने बोलावले. उस्मान सागर आणि हिमायत सागर हे तलाव त्यांच्याच सूचनेचे फळ.

सर्वांत कठीण काम कावेरीचे. कृष्णराजसागर धरण मैसूरला हवे होते, तर खालच्या अंगाचे मद्रास सरकार नाराज होते. परवानगी मिळाली 80 फुटांची. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या हिशेबाने घातला आणि भांडण लवादापुढे नेले. तोडगा निघायला 1924 उजाडले. पण करार होईपर्यंत बांधकाम थांबले नव्हते, आणि कामाकडे बोट दाखवूनच बोलणी चालू राहिली.

एक फट मात्र त्यांना सांधता आली नाही. दिवाण असताना महाराजांनी मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्याचा विचार मांडला. विश्वेश्वरय्यांचा भर गुणवत्तेवर होता. 1918 च्या अखेरीस ते पायउतार झाले. परक्या मुलखात लोकांना सोबत घेणाऱ्या या माणसाला आपल्याच संस्थानातली शतकांची दरी तेवढ्या सहज समजून घेता आली नाही, असे मला वाटते. वंचितांना मिळालेला वाटा हा कालव्याच्या पाण्यासारखाच असतो. तो वरच्या अंगाला अडला तर खालचे शेत सुकते.

1955 साली भारतरत्न आणि शंभरी ओलांडून 1962 साली निरोप. त्यांच्या जन्मदिवशी, 15 सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन होतो. त्या दिवशी सत्कार, भाषणे सर्वत्र होतात. आपल्या मुलांना मात्र एखाद्या वर्षी दातर्तीला न्यावे आणि पांझरेकाठच्या म्हाताऱ्यांकडून फडाचे नियमही ऐकवावेत. पाणी कसे वळवायचे हे कॉलेजात शिकवतात. माणसे कशी वळवायची ते तिथे कळते.