पगार सोडला, संन्यास घेतला आणि टिळकांनी ‘देवाचा दरबार’ भरवला

टिळक म्हटलं की आपल्याला केसरीवाले लोकमान्य आठवतात. पण त्याच काळात आणखी एक टिळक महाराष्ट्रात गाजत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत मुलाफुलांचे कवी म्हणून आपण त्यांची ओळख करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. धर्मांतर केलेल्या या माणसाचं खरं भांडण मात्र जुन्या धर्मापेक्षा नव्या धर्मातल्या देखाव्याशी जास्त झालं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव हे त्यांचं जन्मगाव, जन्मसाल १८६१. घर चित्पावन ब्राह्मणाचं. संस्कृत पक्कं, कीर्तन-प्रवचनाची आवड, पण स्वभाव भटक्या. एका नोकरीत फार दिवस टिकले असं झालंच नाही.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन माणसाशी त्यांची गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून गेला. वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. लोकांना दिसावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा आणि मग देवाशी बोला, असं येशू त्याच प्रवचनात सांगतो.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरावर आकाशच कोसळलं. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तेव्हाही सोवळं-ओवळं पाळत होत्या, स्वतःचा स्वयंपाक वेगळा करत होत्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. जातपात देवानं केलेली नाही, हे लक्ष्मीबाईंचं त्यांनाच पटलं, तेव्हा सोवळं सुटलं. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये न लपवता लिहून ठेवलंय. नवऱ्याच्या विक्षिप्तपणासकट.

टिळकांचं बरंचसं काम अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये झालं. तिथं त्यांना एक गोष्ट खुपू लागली. शब्द मराठी, पण चाल विलायती. इंग्रजी गीतांची भाषांतरं त्याच सुरावर बसवायची आणि उभं राहून म्हणायची. खेड्यातून आलेल्या माणसाच्या ओठांवर ती यायची, पण दळताना, पेरताना त्याच्या तोंडी आपसूक यायची ती ओवी आणि अभंग. मग प्रार्थना मनातून कशी यावी?

टिळकांनी अभंग, ओव्या, भजनं लिहायला घेतली. टाळांच्या साथीनं ख्रिस्ती कीर्तनं केली. हा मार्ग त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी दाखवला होता, पण टिळकांनी त्याला कवीचा हात लावला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगायचे.

आता कुणी म्हणेल, टाळ आणि अभंग हाही बाहेरचाच साज झाला की! शंका रास्त आहे. बाक काढून सतरंजी अंथरली म्हणून भक्ती खरी होत नाही. टिळकांना हे कळत होतं, असं त्यांच्या पुढच्या निर्णयावरून वाटतं. कारण नुसता साज बदलून ते थांबले नाहीत.

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्याला मुक्काम हलवला. वयाचा विचार केला तर हे धाडसच. घर कसं चालणार, हा प्रश्न नेहमीप्रमाणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला.

तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते आणि न घेतलेलेही. येशूला गुरू मानतोस ना, मग ये, बस. चर्चच्या रजिस्टरात नाव आहे का, हे विचारायचं नाही. ज्या चर्चचे ते दीक्षित पाळक होते, त्याच चर्चच्या मोजमापाला हा धक्का होता. बाप्तिस्म्यांची संख्या हे मिशनच्या यशाचं मोठं माप, आणि हा माणूस तेच बाजूला ठेवत होता.

दरबार फार चालला नाही. तब्येत ढासळली आणि ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. ख्रिस्ती रिवाज दफनाचा असला, तरी त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना वाचायला टिळकांनीच शिकवलं होतं.

मराठी चर्चच्या उपासनेच्या पुस्तकात त्यांची शंभराहून जास्त गीतं आहेत. रविवारी पेटी-तबल्यावर ती आजही म्हटली जातात.